समदृष्टी आणि सारखा वाटा

गृहस्थाश्रम हा इतर तिन्ही आश्रमांचा आधार होय, असे मनुस्मृती सांगते. या वचनाचा संबंध दानधर्म आणि अतिथिसत्कार यांच्याशीच आहे, असे मी पुष्कळ वर्षे समजत आलो. परंतु चार वर्षांची एक कन्या आणि तिच्या पाठीवर जन्मलेले दोन जुळे मुलगे अशी तिघे एका छपराखाली नांदू लागली, तेव्हा त्या वचनाचा एक निराळाच अर्थ माझ्या ध्यानी आला. न्याय म्हणजे काय, या प्रश्नाची खरी पाठशाळा पाळण्याच्या दोरीपाशी भरते. तेथे दर घटकेला परीक्षा असते, आणि तयारीला अवधी मुळीच मिळत नाही.

नवजात अर्भकाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे लागते. जुळी असली म्हणजे हा आकडा सोळा ते चोवीसवर जातो. एकाला ढेकर काढून निजवावे, तो दुसऱ्याने टाहो फोडावा. दुसऱ्याचे दुपटे बदलावे, तो पहिला भिजलेला असावा. मातेला रात्र आणि दिवस यांतला भेद उरत नाही. आमच्या घरी एक बाळ तिच्या मांडीवर असे आणि दुसरे माझ्या मातोश्रींच्या. न्हाऊमाखू घालणे, धुरी देणे, लंगोट वाळत घालणे यांतच सूर्य मावळे. या सगळ्या धांदलीत थोरलीला आम्ही एक पदवी बहाल केली होती. ‘तू आता मोठी झालीस, शहाणी झालीस,’ असे तिला जो तो सांगे. बारशाला आलेल्या पाहुण्यांनीही तेच सांगितले. चार वर्षांचे लेकरू एका रात्रीत मोठे कसे होते, हे मात्र कोणी सांगितले नाही.

श्रावणातल्या एका सोमवारी देवळातून प्रसाद आला. खोबरे आणि गूळ होता. थोरलीने त्याचे अगदी सारखे तीन वाटे केले. एक आपल्यापुढे ठेवला आणि उरलेले दोन, ज्यांना अद्याप मानही धरता येत नव्हती त्या भावांच्या उशाशी नेऊन ठेवले. आम्ही सर्व हसलो. ती मात्र गंभीरपणे म्हणाली, “सगळ्यांना सारखे द्यायचे, असे आजी म्हणते.” त्या वेळी मला ही केवळ बालिश गंमत वाटली. तिच्या बोलण्यात एक प्रश्नही होता. तो मला चार दिवसांनी ऐकू आला.

त्या दिवशी ती दुपारपासून कोपऱ्यात निजून होती. घर शांत आहे याचेच आम्हाला समाधान. रात्री जेवायला उठवू गेलो, तो अंग तव्यासारखे तापलेले. कधीपासून बरे वाटत नाही, असे विचारले, तर उत्तर आले, “सकाळपासून.” मग सांगितले का नाहीस? “शहाणी मुले त्रास देत नाहीत ना, बाबा?” ज्वर दोन दिवसांत उतरला. ते वाक्य मात्र अजून माझ्या काळजात आहे. आम्ही जिला शहाणपण म्हणत होतो, ते तिचे तोंड बंद करणारे कुलूप होते. आणि ते मुलीच्या जातीला आपण किती सहज लावतो, याचाही विचार वाचकांनी करावा.

ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाची कथा आपल्या परिचयाची आहे. शंभर गाईंच्या मोबदल्यात एक पुत्र देण्याची वेळ आली, तेव्हा अजीगर्ताने थोरल्याला कवटाळले, मातेने धाकट्याला पोटाशी धरले, आणि मधला विकला गेला. त्या मातापित्यांनी मधल्याचा द्वेष केला, असे कथा कोठेही म्हणत नाही. तो कोणाच्या हातांत नव्हता, एवढेच. ही कथा मी पूर्वी क्षुधेची आणि क्रौर्याची म्हणून वाचली होती. आता तिच्यात मला आमचे घर दिसले. एक बाळ आईच्या हातांत, दुसरे आजीच्या. थोरली कोणाच्याच हातांत नव्हती. आणि सांगायला संकोच वाटतो, पण माझे हात त्या वेळी मोकळे होते. त्यांत वर्तमानपत्र होते.

मग न्याय कसा करावा? तिघांना सारखा वेळ द्यावा, म्हणजे झाले काय? तसे करू जावे, तर तान्ही उपाशी राहतील. समान वाटणी हाच धर्म म्हणणे म्हणजे दात नसलेल्या अर्भकापुढे खोबरे ठेवणे होय. भगवंतांनी गीतेच्या पाचव्या अध्यायात विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, श्वान आणि चांडाळ या सर्वांच्या ठायी पंडिताची दृष्टी सम असते, असे सांगितले. दृष्टी सम असावी. हत्तीचा घास श्वानापुढे टाकावा, असे तेथे म्हटलेले नाही. तेव्हा वाटा गरजेनुसार आणि दृष्टी सारखी, हा निर्णय सोपा वाटतो.

पण येथेच मोठा धोका आहे. गरज ठरवायची कोणी आणि कशावरून? मूल रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही, असे आपण म्हणतो. याचा अर्थ असा, की जो आक्रोश करतो त्याची गरज दिसते आणि जो गप्प बसतो त्याची दिसत नाही. जुळ्यांतही हेच घडले. एकाचा आवाज खणखणीत, म्हणून त्याला आधी पाजले जाई. दुसरा अशक्त, तो कण्हून झोपी जाई, आणि आम्ही त्याला ‘गुणी’ म्हणत असू. वजन केले तेव्हा त्या गुणीपणाची किंमत कळली.

महाभारताने हा प्रश्न फार सूक्ष्मपणे पाहिला आहे. पंडूच्या मृत्यूनंतर माद्रीने कुंतीला सांगितले, की तुझ्या मुलांशी मला माझ्या मुलांसारखे निःपक्षपाताने वागता येणार नाही. तू मात्र माझ्या जुळ्यांना आपले मान. स्वतःच्या मनातला पक्षपात इतक्या प्रांजळपणे कबूल करणारी दुसरी माता मला आठवत नाही. आणि कुंतीने काय केले? पांडव वनवासाला निघाले, तेव्हा तिने द्रौपदीला विशेष करून सांगितले, ते सहदेवाकडे लक्ष ठेवण्याविषयी. पुढे यक्षाने एकच भाऊ जिवंत करीन म्हटले, तेव्हा युधिष्ठिराने भीम किंवा अर्जुन यांना न मागता नकुलाला मागितले. कुंतीचा एक पुत्र उरला आहे, माद्रीचाही एक उरावा, हे त्याचे कारण. माद्री तर त्यापूर्वीच निवर्तली होती. तिच्या बाजूने बोलणारे तेथे कोणी नव्हते, आणि म्हणूनच युधिष्ठिराने तिची बाजू सांभाळली. न बोलणाऱ्याचा वाटा स्मरणात ठेवणे, हा त्या कथेचा मला उमगलेला धर्म.

आपल्या देवळांतील महाप्रसादाची पंगत आठवा. वाढपी प्रत्येक पानावर सारखे वाढतो. तेथे पंक्तिप्रपंच केला तर तो पाप मानला जातो. पण तेवढ्याने पंगत पुरी होत नाही. मागून यजमान हिंडतो, प्रत्येकापाशी वाकतो, काय हवे नको ते विचारतो, ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो. पहिली समता हाताची, दुसरी विचारपूस करणाऱ्या मनाची. घरात आम्ही वाढपी झालो होतो. यजमान कोणी झाले नव्हते.

कोणी म्हणेल, एकत्र कुटुंबात हे प्रश्न नव्हते; आत्या, काकू, चुलतभावंडे यांच्यात मूल आपोआप वाढे. त्यात तथ्य आहे. हात अधिक होते, हे खरे. परंतु त्या भरल्या घरांतही मुकाट्याने निजलेल्या मुलीचे कपाळ कोणी हात लावून पाहिले की नाही, हे हातांच्या संख्येवर अवलंबून नव्हते.

मातापित्यांचे बळ मर्यादित असते. थोरलीच्या वाट्याला काही काळ कमी येणार, हे टळत नाही. पण ते कमी आहे हे तिच्यापाशी कबूल करावे. त्याला शहाणपणाचे बक्षीस म्हणून सजवू नये. आता रात्री जुळी निजली, की मी तिच्या अंथरुणापाशी बसतो आणि तिला विचारतो, आज तुला काय हवे होते? पहिल्या रात्री ती बराच वेळ विचार करीत राहिली. मग म्हणाली, “काही नको. तू इथेच बस.” कधीकधी तेवढ्यात पाळण्यातून हाक येते आणि मला उठावे लागते. तेव्हा ‘तू मोठी आहेस’ असे मी म्हणत नाही. ‘परत येतो’ म्हणतो, आणि परत येतो. गृहस्थाश्रमाचा आधार म्हणतात तो बहुधा या परत येण्यातच असावा.