जागल आणि जाग

झोप मोठी मानी आहे. हाका मारून ती येत नाही, पाठीस लागले तर दूर पळते, आणि दुर्लक्ष केले की मुकाट्याने उशाशी येऊन बसते. दिवसभर जिला आपण दारात ताटकळत ठेवले, ती काळजी मात्र दिवा मालवताच आगंतुकासारखी आत शिरते. मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, सोसायटीचे कर्ज, छातीत उठलेली एखादी कळ. दिवसा ज्यांची उंची हातभर, त्यांच्याच सावल्या रात्री आढ्याला टेकतात. ‘मन चिंती ते वैरीही न चिंती’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, तो रात्री दोनच्या सुमारास जागाच असला पाहिजे.

पण या जागण्यात एक नैतिक प्रश्नही दडलेला आहे. काळजीने जागणे हे प्रेमाचे लक्षण आहे काय? आपल्या घरांतून तसे मानण्याची रीत आहे. ‘रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही हो!’ असे आई सांगते तेव्हा तिच्या स्वरात तक्रार थोडी आणि साक्ष अधिक असते. त्याच घरात शांत घोरणारा बाप निष्काळजी ठरतो. जो जागला त्याची माया मोठी, असा हा हिशेब आहे.

तो तपासायला आमच्या परभणीकडचा एक शब्द उपयोगी पडेल. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरांपासून ती राखायला माणसे माळ्यावर जागलीला जातात. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला आली तर कडाक्याच्या थंडीत दारे धरायला उठतात. हे जागणे खडतर खरे. पायाखाली विंचूकाट्याचे भय असते. परंतु जागलीला राखायला एक शेत असते, हाताला काम असते, आणि उजाडले की तिची पाळी संपते. गंगाखेडच्या जनाबाईचे नाव जात्याशी जोडले गेले, ते तिची पहाटेची जाग दळणात आणि नामात खर्च झाली म्हणून. अंथरुणातल्या काळजीला शेत दिसत नाही, हाताला काही लागत नाही आणि पाळी बदलायला कोणी येत नाही. ती जागल नव्हे, नुसती जाग.

महाभारताच्या उद्योगपर्वात एका निद्रानाशाला प्रजागर हे स्वतंत्र उपपर्वच लाभले आहे. संजय पांडवांकडून परतला आहे, निरोप उद्या सभेत सांगणार आहे, आणि धृतराष्ट्राला झोप येत नाही. तो विदुराला बोलावतो. विदुर म्हणतो, बलवानाने गाठलेला दुबळा, धन गमावलेला, कामातुर आणि चोर यांची झोप उडते. आपण त्यांपैकी नाही ना? मग रात्रभर उपदेश चालतो. राजाला तो पटतो. पण पांडवांचे राज्य परत करण्याचे एक काम तो करीत नाही. तळमळण्याने त्याला काही केल्याचे समाधान मिळाले असेल. युद्ध टळले नाही. काळजीचा खरा धोका हाच, की ती कर्तव्याचे सोंग घेऊन कर्तव्याची जागा अडवते.

यावर कोणी म्हणेल, ‘संकट खरे असेल तर?’ आक्षेप रास्त आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये ज्याचे सोयाबीन पाण्याखाली गेले, त्याला ‘काळजी करू नका’ म्हणणे हे शहाणपण नव्हे, निर्दयपणा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातली कित्येक माणसे धड घरे सोडून पुढच्या रात्री अंगणात झोपली. त्यांनी भीती नाकारली नाही. तिच्यासाठी जे करता येत होते ते केले, आणि चार माणसांच्या सोबतीने केले. खऱ्या भीतीला काम द्यावे आणि सोबत द्यावी, एवढेच माणसाच्या हाती असते.

अमेरिकेतील बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी ५७ तरुणांवर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निजण्यापूर्वी पाच मिनिटे ज्यांनी उद्याची कामे लिहिली, त्यांना झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे आधी झोप लागली. नऊ मिनिटे म्हणजे फार नव्हेत. पण मनाला जागलीवर बदली मिळाली, की ते खाली उतरते असे दिसते. वैद्यक असेही सांगते, की वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद उजेडात बसावे, डोळे जड झाले की परतावे, आणि सकाळची उठण्याची वेळ चुकवू नये. आठवडेच्या आठवडे असेच गेले तर डॉक्टरांना भेटावे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही ऐकून घेते. त्यात संकोच कसला? पाळी बदलून मागणे हा भित्रेपणा नव्हे.

आणि घरात कोणी तळमळत असेल, तर कूस बदलून ‘झोप आता’ म्हणणे पुरे नाही. ‘यातले उद्या मी काय करू?’ असे विचारावे. प्रेमाची कसोटी लागते ती येथे. दोघांनी मिळून जागण्यापेक्षा ओझे वाटून घेऊन दोघांनी झोपणे अधिक मायेचे आहे.

कोजागरीच्या रात्री लक्ष्मी ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत फिरते म्हणतात. कोण तळमळत आहे, असे ती विचारीत नाही. आता दिवाळीत अभ्यंगस्नानासाठी पहाटे उठायचेच आहे. तेव्हा उद्याची कामे कागदावर उतरवावीत, अंगणातली पणती वाऱ्याआड ठेवावी, आणि रात्र रात्रीच्या हवाली करावी.