अतिथी देव, तर सेवक कोण?

हॉटेल व्यवसायाच्या आधुनिक परिभाषेत कामगारास ‘मानवी संसाधन’ म्हणण्याची रूढी पडली आहे. कोणास नेमावे, कसे शिकवावे आणि कशाने टिकवून धरावे, याचा विचार व्यवसायाच्या दूरच्या उद्दिष्टांशी जोडून करणे म्हणजे व्यूहात्मक मनुष्यबळ व्यवस्थापन. हा विषय व्यवस्थापनशास्त्राचा खरा. परंतु त्याच्या मुळाशी एक जुना नैतिक प्रश्न आहे. माणसाचा चांगुलपणा दुसऱ्याच्या योजनेचा भाग होऊ शकतो काय? आणि झालाच, तर तो चांगुलपणा राहतो काय?

या प्रश्नाची कसोटी पाहणारा प्रसंग २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत घडला. ताजमहाल हॉटेलवरील दहशतवादी हल्ल्यात ३१ जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी सुमारे ११ जण हॉटेलचेच कर्मचारी होते. बाहेर पडण्याच्या वाटा ठाऊक असूनही कर्मचारी मागे राहिले आणि १,२०० ते १,५०० पाहुण्यांच्या सुटकेस त्यांनी हातभार लावला. सरव्यवस्थापक करंबीर सिंग कांग यांची पत्नी व दोन मुले त्याच इमारतीत दगावली. तरीही ते बचावकार्यापासून हटले नाहीत.

या वर्तनाची मीमांसा रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी २०११ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये केली. त्यांच्या मते याचे बीज नेमणुकीच्या धोरणात होते. हॉटेल लहान गावांतील मुले निवडण्यावर भर देई. हुशारीपेक्षा स्वभाव पाही. इतरत्र वर्षभराचे असणारे प्रशिक्षण येथे दीड वर्ष चाले. कर्मचाऱ्याने कंपनीचा नव्हे, तर पाहुण्याचा प्रतिनिधी म्हणून वागावे, अशी शिकवण दिली जाई.

तर मग ते बलिदान धोरणाचे फलित म्हणावे काय? आम्हास तसे वाटत नाही. प्राण देणे कोणत्याही नोकरीच्या करारात बसत नाही. मालकाला ते मागण्याचा अधिकार नाही आणि वेतनाने त्याची भरपाईही होत नाही. धोरणाने फार तर जमीन नांगरता येते. पेरणी आईबापांनी आणि गावाने आधीच केलेली असते. ते पीक आपल्या मालकीचे समजणारा व्यवस्थापक पहिली चूक तेथेच करतो. त्याच्या वाट्याला श्रेय येत नाही, ऋण येते. हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये टाटांनी सार्वजनिक सेवा न्यास स्थापून हॉटेलबाहेरील पीडितांनाही साहाय्य केले, ही त्या ऋणाची जाणीव म्हणावी लागेल.

परंतु लहान गावातील मुलगा निवडण्यामागे दुसराही हेतू असू शकतो. तो स्वस्त पडतो, उलट बोलत नाही, आणि घर दूर असल्याने जाणार कोठे? पुणे–बंगळूर महामार्ग आपल्या निपाणी-बेळगावच्या दारावरून जातो. अशा रस्त्यांवरील धाब्यांत टेबले पुसणारा ‘पोऱ्या’ एके काळी नित्याचा होता. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेले व धाब्यांत राबवण्यास केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी केली. बंदी घालावी लागली, यातच बरेच काही आले. एकाच नम्रतेचा एकाने आदर केला, दुसऱ्याने फायदा घेतला. वरून पाहता दोघांचे धोरण सारखेच दिसते.

भेद ओळखावा कसा? जर्मन तत्त्वज्ञ कान्टने माणसास निव्वळ साधन मानू नये असे बजावले आहे. ‘निव्वळ’ हा शब्द महत्त्वाचा. वाढपी आमच्या भुकेचे साधन असतोच. पण तो आजारी पडला, म्हातारा झाला, किंवा उद्धट गिऱ्हाइकाला त्याने नकार दिला, तर मालक कोणाच्या बाजूस उभा राहतो? उपयोग संपल्यावर नाते उरते की नाही, हीच खरी परीक्षा.

या परीक्षेतून आमची घरेही सुटत नाहीत. आपल्या जुन्या वाड्यांतून आल्या-गेल्यास विन्मुख न धाडल्याचा अभिमान आम्ही बाळगतो. परंतु पंगती उठल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या घरच्या स्त्रियांचा हिशेब आम्ही कधी मांडला? अतिथीला देव मानणाऱ्या संस्कृतीने वाढणाऱ्या हाताला माणूस तरी मानावयास हवे होते. गिरणगावातील खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने एकत्र आणले, तेव्हा तो हिशेब प्रथम नीट मांडला गेला.

म्हणून व्यवस्थापनशास्त्राला आमचा विरोध नाही. त्याच्या कोष्टकात एक रकाना वाढवावा, एवढेच मागणे. पाहुणे जेवून गेल्यावर कामगार काय जेवतो, कोठे निजतो आणि त्यास कोणत्या नावाने हाक मारली जाते, हे त्या रकान्यात लिहावे. शेवटची नोंद मालकाच्या नव्हे, गिऱ्हाइकाच्या हाती असते, म्हणजे तुमच्या-आमच्या.