दयेच्या फाइलला मुदत का नाही?

आमच्या यवतमाळात सातबारा अडला तर माणूस तहसीलच्या चकरा मारतो. फाशीच्या कोठडीतला माणूस कुठे चकरा मारणार?

कोल्हापूरच्या रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये कायम केली. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला तो २०१४ मध्ये. या विलंबामुळेच मुंबई उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये फाशीऐवजी जन्मठेप दिली.

मारल्या गेलेल्या लेकरांच्या आईबापांना हे पटेल? अवघड आहे. मला मात्र पटतं. दया नाकारायचा अधिकार सरकारला आहे. माणसाला वर्षानुवर्षं दोराखाली बसवून ठेवायचा नाही. ती वेगळीच शिक्षा, कुठल्याही न्यायाधीशानं न सुनावलेली. साध्या सॉफ्टवेअरलाही आपण टाइमआउट लावतो. मग दयेच्या फाइलला का नको?