खत लिहिणाऱ्याचा हात

‘निर्णय वरच्यांचा, आपण फक्त सही करतो.’ नोकरीत हे वाक्य फार उपयोगी पडतं. झोप लागते त्याने. पण ते खरं आहे का?

1742च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या माउंट हॉली गावात जॉन वूलमन नावाचा तरुण एका दुकानात हिशेब लिहायचा. तो क्वेकर पंथाचा ख्रिस्ती होता. एक दिवस मालकाने आपल्याकडची गुलाम स्त्री विकली आणि त्याला खरेदीखत लिहायला सांगितलं. गिऱ्हाईक समोर थांबलेलं, तेही क्वेकरच. वूलमनने खत लिहिलं. मात्र दोघांसमोर बोलूनही दाखवलं, की गुलाम बाळगणं ख्रिस्ती धर्मात बसत नाही असं मला वाटतं. तरी मन शांत झालं नाही. पुढे असे कागद लिहायला त्याने सरळ नकार दिला. मृत्युपत्रात गुलाम वारसांच्या नावे करायचे असले, तर तो मजकूरही तो लिहीत नसे.

त्याने कुणाला विकलं नव्हतं, विकत घेतलं नव्हतं. पण कागदाशिवाय व्यवहार पक्का होत नाही आणि कागद त्याच्या हातचा होता.

नकाराच्या या गोष्टी आपण आवडीने सांगतो. मला त्यापुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. वूलमनने नंतर स्वतःचं दुकान काढलं, ते जोरात चालू लागलं, आणि त्याने ते हळूहळू आवरतं घेतलं. शिंपीकाम आणि सफरचंदाच्या रोपांवर त्याचं घर चालू लागलं. व्याप वाढला की माणूस त्यात अडकतो, हे त्याने ओळखलं होतं.

बायबलमध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आणि शिपाई येतात आणि ‘आम्ही काय करावं?’ असं विचारतात. तो कुणालाच नोकरी सोडायला सांगत नाही. जकातदारांना सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो, धमकावून पैसे उकळू नका आणि आपल्या पगारात समाधानी राहा. जुलमाच्या गोष्टीत पगार कुठून आला? कारण राहणीमान पगाराच्या पुढे गेलं, की उरलेली रक्कम कुणाच्या तरी खिशातून काढावी लागते.

प्रेषित पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्यासोबत तंबू शिवायचा. मजुरी घेणं हा उपदेशकाचा हक्क आहे असं तो मानायचा, तरी करिंथकरांकडून त्याने ती घेतली नाही. त्यामुळे त्यांना खडसावताना त्याला कुणाचं मिंधं राहावं लागलं नाही.

पण ज्याच्या पगारावर आईची औषधं चालतात, त्याने काय करायचं? ‘नकार दे’ असं त्याला सांगून आपण मोकळे होऊ शकत नाही. यरीहोचा जक्कय साधा जकातदार नव्हता, त्यांचा मुख्य होता. म्हणून परतफेडही मोठी: अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट. ज्याची खुर्ची मोठी, त्याचा हिशेब मोठा. शिवाय एकट्याच्या नकाराला समाजाची साथ लागते. फिलाडेल्फियाच्या क्वेकरांच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगायला बंदी केली ती 1776 साली. वूलमन त्याआधीच, 1772मध्ये वारला होता.

तरीही काही गोष्टी आपल्या हातात असतात. सचोटीची परीक्षा साहेबाच्या केबिनमध्ये होते असं वाटतं, पण तिची तयारी बरीच आधी होते. हप्त्यावर नवा फोन किंवा गाडी घेताना व्याजदर सगळेच बघतात. उद्या ‘हे मी करणार नाही’ असं म्हणायची वेळ आली, तर हा हप्ता तसं म्हणू देईल का, हेही तेव्हाच बघायला हवं.