चुकलेले नाणे



टांकसाळीत कोरी चकती साच्यात नीट बसली नाही, तर छाप एका बाजूला सरकतो. असे नाणे तपासणीतून सुटले, तर संग्राहक त्यासाठी मूळ किमतीच्या कितीतरी पट मोजतात. विल्यम शेल्डन या अमेरिकन माणसाने १९४९ साली नाण्यांचा दर्जा ठरवायला ७० गुणांचे माप मांडले. आज त्याच मापाने पारखून नाणे प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. चूक टांकसाळीची हवी, पण माणसाच्या हाताचा ओरखडा नको! गंमतच आहे.

समजा, लोटे येथील बाजारात मासळीवाल्या मावशींनी असे दोन रुपयांचे नाणे सुट्ट्या पैशांत दिले. ओल्या हातांतून आलेल्या नाण्याला वरचा दर्जा मिळणे कठीण, पण ते राहू द्या. आपण ते ओळखले, त्यांनी नाही. गप्प राहावे का? संग्राहक म्हणेल, मी वर्षानुवर्षे अभ्यास केला, त्याचे हे फळ. हे खोटे नाही. मात्र लूकच्या शुभवर्तमानातील बाईला हरवलेले नाणे सापडते, तेव्हा ती शेजारणींना हाका मारते. आपल्याला मूठ आवळावीशी वाटते, हेच मला खुपते. नाणे खुशाल आपल्याकडे ठेवावे, पण आधी मावशींना खरी किंमत सांगून, त्या मागतील ते देऊन. त्या कदाचित हसून म्हणतील, "दोनच रुपये द्या." म्हणू देत. शुक्रवारी बांगडे त्यांच्याकडूनच घ्यायचे आहेत.