गंज रंगवताना

बोटभर लांबीच्या रणगाड्यावर जखमा रंगवणं नैतिक आहे का? प्रश्न हास्यास्पद वाटेल. पण दिवसभर कोड लिहून रात्री टेबलावरच्या युद्धखेळासाठी प्लास्टिकचे रणगाडे रंगवणाऱ्या माझ्यासारख्याला तो टाळता येत नाही.

या छंदात रंग देणं सोपं, तो जुना करणं अवघड. त्याला वेदरिंग म्हणतात. मूळ रंग वाळला की पातळ गडद रंग खाचांत सोडायचा, जवळजवळ कोरड्या ब्रशने कडा उजळायच्या, स्पंजच्या तुकड्याने टवके उमटवायचे. (नागपूरच्या मे महिन्यात ॲक्रिलिक ब्रशवरच वाळतो, म्हणून हे सगळं रात्री उशिरा.) नियम एकच: जिथे हातपाय लागतात तिथला रंग आधी जातो. झाकणाच्या कडा, चढायची जागा, इंधन भरायचं तोंड. म्हणजे वेदरिंग करताना आपण खरं तर आतली, न दिसणारी माणसं रंगवत असतो.

आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात. त्या बैलाच्या खांद्यावर जू घासल्याचा वण कुणी रंगवत नाही. खऱ्या बैलाचा खांदा मात्र पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तुपाने शेकतात, कारण त्यावर वर्षभराचं ओझं असतं. खेळणं कष्ट लपवतं. त्या हिशेबाने धुळीने माखलेला रणगाडा चकचकीत रणगाड्यापेक्षा प्रामाणिक. इथवर माझं मन स्वच्छ आहे.

अडचण येते ती गोळ्याच्या भोकापाशी.

पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, पूना हॉर्स. १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई. रणगाडा सेंच्युरियन, नाव ‘फामागुस्ता’. तो पेटल्यावर बाहेर पडण्याचा आदेश आला. आपली तोफ अजून चालते आहे, असं कळवून ते लढत राहिले आणि तिथेच गेले. वय २१. परमवीरचक्र मरणोत्तर. तो रणगाडा अहिल्यानगरला जतन केलेला आहे.

त्याचं मॉडेल करायचं तर भोक रंगवायचं का? माझं उत्तर: हो. न रंगवणं म्हणजे पुन्हा लाकडी बैल करणं. पण मग तो रणगाडा खेळात उतरवायचा नाही. फाशांच्या एका दानावर त्याला रोज नव्याने मारणं, आणि नंतर चहा पिणं, मला जमणार नाही.

यावर आक्षेप सरळ आहे: मग बिननावाचे रणगाडे कसे चालतात? प्रत्येक सेंच्युरियनमध्ये चार माणसं असायची. फामागुस्तातही चार होती. आपल्याला एकाचंच नाव पाठ आहे. म्हणजे माझी नैतिकता माझ्या अज्ञानावर उभी आहे का?

काही अंशी, हो. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे खेळण्यातल्या सैनिकांच्या युद्धाचं पुस्तक लिहिलं. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटं युद्ध किती बरं, हा त्याचा युक्तिवाद. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. खेळाने युद्ध थांबत नाही.

पण खेळात काय मोजायचं, हे आपल्या हातात असतं. नियमपुस्तक सांगतं, एक रणगाडा बाद. झाकणाच्या कडेवरचे टवके सांगतात, इथून चार जण चढायचे. मी म्हणूनच बिननावाच्या रणगाड्यांवरही ते टवके सोडत नाही. तेवढ्याने खेळ निर्दोष होत नाही. हिशेब मात्र खोटा राहत नाही.