मनाचे शिक्षण आणि गृहस्थाचे कर्तव्य

मुलाला गणित शिकविता येते, व्याकरण शिकविता येते. परंतु क्रोध आवरणे, दुसऱ्याचे दुःख ओळखणे आणि मतभेद असूनही मैत्री राखणे, हेही शिकविता येते काय? पुष्कळ गृहस्थांची अशी समजूत असते की, हे गुण उपजतच असावे लागतात. ही समजूत खरी मानली तर शाळेचे काम केवळ बुद्धीपुरते उरते आणि तापट मुलास त्याच्या स्वभावावर सोडून देणेच प्राप्त होते.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने मनाच्या चंचलतेची तक्रार केली आहे. भगवंतांनी ती अमान्य केली नाही. मात्र अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगितले. अर्थात ज्यास अभ्यास लागू पडतो, ते शिकता येते.

दिल्लीतील सरोजिनी नगर ही केंद्र सरकारच्या नोकरवर्गाची वसाहत म्हणून नावारूपास आली. बदलीच्या नोकरीत मुलास भाषा नवी, शाळा नवी, सवंगडीही नवे. अशा मुलाची पहिली परीक्षा पुस्तकांची नसते, ती मनाची असते. याच वसाहतीच्या नजीक असलेल्या त्यागराज क्रीडासंकुलात २ जुलै २०१८ रोजी दलाई लामा यांच्या हस्ते दिल्ली सरकारच्या 'हॅपिनेस' अभ्यासक्रमाचा आरंभ झाला. सरकारी शाळांतील शिशुवर्गापासून आठवीपर्यंतच्या मुलांसाठी त्यात रोजची एक तासिका राखून ठेवण्यात आली. ध्यान, कथा, कृती आणि अभिव्यक्ती ही त्याची अंगे होती. लेखी परीक्षा व गुण मात्र नव्हते.

अशा शिक्षणाचा लाभ होतो काय? २०११ साली अमेरिकेत २१३ शालेय उपक्रमांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत २,७०,००० हून अधिक विद्यार्थी होते. त्यांचे वर्तन तर सुधारलेच, शिवाय अभ्यासातही ते पुढे गेले. उलटपक्षी, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या प्रयोगात, शाळेत दिलेल्या केवळ ध्यानाच्या पाठांचा नेहमीच्या शिक्षणाहून अधिक लाभ दिसला नाही. त्या मुलांकडून घरी सराव फारच थोडा झाला होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

यावरून असे दिसते की, डोळे मिटून बसणे म्हणजे मनाचे संपूर्ण शिक्षण नव्हे. शाळा बीज पेरील. परंतु अभ्यासाचे स्थान घर आहे. शाळेत शांतपणे बोलण्यास शिकलेले मूल घरी येऊन वडील माणसांचा आरडाओरडा ऐकेल, तर त्याने कोणता पाठ खरा मानावा? यास्तव कचेरीतून थकून आलेल्या पित्याने आपला राग मुलावर काढू नये. काढलाच, तर चूक कबूल करण्यात कमीपणा मानू नये. मातेने भांडून आलेल्या मुलास प्रथम ऐकून घ्यावे, मग उपदेश करावा. मुलाने किती गुण मिळविले हे रोज विचारणाऱ्या घराने, आज कोणाच्या उपयोगी पडलास, हेही विचारावे. एवढे घडले, तर शाळेतील ती एक तासिका व्यर्थ जाणार नाही.